पागेची पायरी

बडोदे
९ डिसेंबर २०२४

ती. आक्का हिस,
संपतचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा कमलाने तो माझ्या कानाशी धरला खरा, पण मला एक अक्षर ऐकू आले नाही. यंत्र लावले की कानात शिट्टी वाजते आणि काढले की तू मुकी होतेस. तेव्हा पूर्वीसारखे कागदावरच भांडू या. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे थंडी सुरू झाली आहे. बाजारात कोवळ्या ज्वारीचा पोंक आला आहे आणि कमला मला तो खाऊ देत नाही.

बाकी बातमी चांगली नाही. आपली पागा स्पोर्टिंग पुन्हा हरली. संस्थान गेल्यावर रिकाम्या झालेल्या शिलेदारांची मुले गोळा करून आपल्या वडिलांनी, दादासाहेबांनी काढलेला क्लब माझ्या डोळ्यांदेखत खालच्या गटात जाणार असे दिसते. सामना संपल्यावर सेव-उसळीच्या लारीवर उभे राहायची सोय उरलेली नाही. जो तो मलाच विचारतो की जावईबापूंचे काय चालले आहे.

आणि मी काय सांगू? दसऱ्याला आपल्या ओसरीवर शस्त्रपूजा झाली, तलवारीशेजारी फुटबॉल ठेवला, आणि प्रशिक्षकपदाचा मानाचा विडा मीच जावई उदयसिंहरावांपुढे केला. त्यांनी तो उचलला. मला केवढा अभिमान वाटला होता! आता बघ, समरजित हा आमचा एकुलता एक गोल मारणारा गडी, त्याला ते अर्धा खेळ झाला की बाहेर बसवतात. परवा कमिटीतला विश्वासराव दुपारी मैदानावर गेला तर सराव नाही, खेळाडू नाहीत. जावईबापू एकटेच लिंबाखाली बसलेले. विचारले तर म्हणाले, मुलांना झोपायला पाठवले आहे. आक्का, हरणारा संघ झोपायला पाठवतात का कुठे?

लेकीला यातले काही बोललो नाही. मृदू दर गुरुवारी कमलाच्या पायांना तेल लावायला येते, तेव्हा मी पेपर वाचत बसतो.
लोभ आहेच, तो वाढत राहावा.
तुझा
संपत


कोल्हापूर
२० डिसेंबर २०२४

चि. संपत यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. गुडघे आहेत तिथेच आहेत, मीच कुठे जात नाही. पोंक खाऊ नकोस, कमलाचे ऐक. आयुष्यात एवढे तरी कर.

तुमच्या बडोद्याच्या लोकांना हरायचे कसे ते येत नाही. आमच्या पेठेतला संघ हरला की लोक प्रशिक्षकाच्या दारात जातात, तासभर शिव्या देतात, त्याच्याच घरचा चहा पितात आणि परत येतात. पुढच्या सामन्याला पुन्हा हलगी घेऊन हजर. तुम्ही मात्र तोंडाला कुलूप लावून मनात राग साठवत बसता आणि मग एकदम काहीतरी भलतेच करता.

म्हणून आधीच लिहिते. विडा परत मागण्याचे तुझ्या मनात येत असेल तर ते काढून टाक. दादासाहेबांनी तेव्हाच्या प्रशिक्षकाकडून, धनाजीरावांकडून विडा परत घेतला तेव्हा तू पाळण्यात होतास, मी परकर नेसत होते. मी पाहिले आहे. विडा नेतो पुरुष, पण परत आणायचा तो त्या घरच्या बाईने, ताटात घालून, सगळ्यांसमोर. धनाजीरावांची बायको ताट घेऊन आली, आपल्या आईची ती जिवाची मैत्रीण. त्यानंतर त्या घराला पागेची पायरी बंद झाली. क्लब आपल्या ओसरीवर, म्हणून आपल्या घराचीही. हळदीकुंकवाला नाही, आई गेली तेव्हाही नाही. समोरच्या ओट्यावर उभी राहून रडत होती बिचारी.

तुझी मृदू एकुलती एक. क्लबची पायरी आणि तिच्या माहेरची पायरी एकच आहे. प्रशिक्षक नको असेल तर कमिटीला मतदान करू दे, चार ओळींची चिठ्ठी देऊ दे. तू सासरा आहेस, गप्प बस.

जावयाला माझा आशीर्वाद सांग. झोपायला पाठवले असेल तर काही कारण असेल.
लोभ आहेच म्हणतोस, तर तो पुढेही असू दे.
आक्का


बडोदे
१७ जानेवारी २०२५

ती. आक्का हिस,
संपतचा सा. न. वि. वि.

उत्तरायण झाले. तुझ्यासाठी तीळपापडी पाठवली आहे, चावेल तेवढी खा आणि उरलेली नातवंडांना दे.

यंदा गच्चीवर बसवेना. पतंग कापला की आजूबाजूच्या गच्च्यांवरून ‘काप्यो छे’च्या जागी लोक जावईबापूंचे नाव घेऊन ओरडत होते. भोंग्यावरून! मला ऐकू येत नाही ते बरे म्हणायचे, पण मृदूच्या तोंडाकडे पाहून सगळे कळले. ती फिरकी धरून तशीच उभी राहिली. मग खाली गेली ती वर आलीच नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात मैदानाबाहेर कोणीतरी उदयसिंहरावांच्या स्कूटरवर काळे ऑइल ओतले होते. त्यांनी ते स्वतः पुसले आणि पोरांना घेऊन सरावाला गेले.

उत्तरायणाच्या दिवशीच मग मृदू माझ्याशी बोलली. वहीवर लिहून बोलली, म्हणजे मला नीट समजावे. तिचे म्हणणे, क्लबला पूर्वीसारखी कंपनीची मदत राहिली नाही, निम्मी मुले नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात रात्रपाळी करतात. समरजित तर सकाळी सातला सुटतो आणि चारला मैदानात उतरतो. त्याला पूर्ण खेळवला तर त्याचे पाय जातील. हे चारचौघांत सांगितले तर मुलांना कमीपणा येईल म्हणून उदयसिंहराव शिव्या खातात पण बोलत नाहीत. मी तिला सांगितले की आम्हीही मकरपुऱ्याच्या कारखान्यात पाळ्या करूनच खेळलो, आम्हाला कोणी झोपायला पाठवले नव्हते. तिने वही मिटली.

खरे सांगतो आक्का, माझाही विश्वास उडाला आहे. माणूस चांगला असेल, पण क्लब बुडतो आहे. आणि लोक आता उघड म्हणतात की संपतराव जावयाला पाठीशी घालतो. पन्नास वर्षे मी क्लबच्या पायरीवर बसलो, माझ्यावर कोणी असले बोट ठेवले नव्हते. मला जेवण जात नाही.

कमिटीने चिठ्ठी देऊन काढले तर तो अपमान. विडा मी दिला, मीच मागावा, त्यात मान राहतो. पायरीचे म्हणशील तर तो नियम परक्यांचा. पोटच्या पोरीला कोण अडवणार? तू उगाच जुने उकरतेस. कमला म्हणते, तुम्ही आधी कोणाचे बाप आहात ते ठरवा. तिला खेळातले काही कळत नाही.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.
तुझा
संपत


बडोदे
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
मृदुलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू फोन करत राहिलीस आणि मी उचलला नाही, रागावू नकोस. बोलले असते तर रडले असते, आणि मला रडायचे नव्हते. लिहिताना तेवढे जमते.

आबांनी विडा परत मागितला. निरोप घेऊन विश्वासराव आले होते. यांनी ऐकून घेतले आणि मला म्हणाले, देवघरातून काढ. दसऱ्यापासून तो आमच्याकडे देवापुढे होता, पान वाळून हात लावला की तुकडे पडत होते. मी रेशमी रुमालात उचलून ताटात ठेवला. हे म्हणत होते की ते एकटे जाऊन देतील. पण आबांनी रीत पाळायची ठरवली होती, तर मग अर्धी का पाळायची?

ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्यापर्यंत माणसे, मोबाइल वर धरलेले. लहानपणापासून मी त्या पायरीवर बसून बूट धुतले आहेत सगळ्यांचे, आत्या, मोबाइल धरणारे त्यातलेच काका होते. मी डोक्यावर पदर घेऊन ताट आबांपुढे ठेवले. आई आतल्या दारात उभी होती. हे एवढेच बोलले की रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी समरजितला पूर्ण खेळवू नका. कोणीतरी हसले.

इथपर्यंत मी सगळे सोसले असते. माझी खात्री होती की लोक गेले की आबा मला आत बोलावतील, आई चहा टाकेल, आणि मी खूप भांडेन. पण विश्वासरावांनी मोठ्याने, आबांच्या कानाजवळ जाऊन विचारले की धनाजीरावांच्या वेळचा नियम जावयालाही लागू आहे की घरच्यांना सूट आहे. आबांनी माझ्याकडे पाहिले. नंतर त्या गर्दीकडे पाहिले. आणि म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी माझ्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला होता, पण मी लांबूनच हात जोडले आणि पायरी उतरले. आईला नमस्कारसुद्धा केला नाही ही एकच गोष्ट राहून राहून टोचते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सवयीने शिट्टी गळ्यात अडकवून कंपनीत निघाले होते. मी ती काढून घेतली.

तुझा लोभ आम्हा दोघांवर राहू दे, सध्या फार गरज आहे.
तुझी
मृदू


कोल्हापूर
२१ फेब्रुवारी २०२५

संपत,

मृदूचे पत्र आले. आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, तो मनातल्या मनात घे.

मी तुला पायरीचे लिहिले होते. तू लिहिलेस, पोटच्या पोरीला कोण अडवणार. आता कळले ना कोण ते? टाळ्या किती वेळ वाजल्या रे? आता त्या टाळ्यांना सांग गुरुवारी येऊन कमलाच्या पायांना तेल लावायला.

लोक चार दिवसांत विसरतील. तू आजच्या आज मृदूच्या घरी जा, तिच्या उंबऱ्यावर बस आणि ती आत घेईपर्यंत उठू नकोस. पत्र पाठवू नकोस. तुला लिहिता बरे येते, तेच तुझे वाईट आहे.
आक्का


बडोदे
२७ मार्च २०२५

ती. आबांस,
मृदुलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आपण स्वतः याल असे वाटले होते. रोज संध्याकाळी फाटक वाजले की मी बघत होते. कालही वाजले, तो पोस्टमन होता.

शेवटच्या सामन्याचे आम्हाला कळले. अहमदाबादहून आणलेल्या नव्या साहेबांनी पहिले दोन सामने जिंकून दिले तेव्हा आमच्या गल्लीत फटाके फुटले. नंतरचे सगळे गेले आणि आता क्लबही खालच्या गटात गेला. यांना आनंद झाला असेल असे कोणाला वाटत असेल तर सांगा, त्या दिवशी हे जेवले नाहीत. समरजितला पूर्ण खेळवला आणि त्याच्या गुडघ्याचे व्हायचे तेच झाले. तो आता आठ तास उभा राहू शकत नाही, त्यामुळे नंदेसरीची नोकरीही गेली. हे रोज त्याच्याकडे जाऊन बसतात.

आणि लोक आता आपल्या दाराशी येऊन आपल्या नावाने ओरडतात, हेही आईने सांगितले. कोणी दारावर शेण मारले म्हणे. आबा, ते ऐकून मला बरे वाटले नाही. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी पाटीवर लिहून आणले, हे तर फारच वाईट केले.

आपण लिहिलेत की पाडव्याला दोघेही या, नियमाचे एवढे काय, आपलाच आहे, आपणच मोडू, आता अडवायला आहे कोण. ते मी पुन्हा पुन्हा वाचले. एवढेच वाक्य त्या दिवशी ओसरीवर बोलला असतात तर मी जन्मभर तुमचे पाय धुतले असते. तेव्हा समोर माणसे होती म्हणून नियम मोडवला नाही. आता ती माणसे तुमच्या विरुद्ध गेली, म्हणून मोडवतो. मी तुम्हाला आठवले ती सगळे गेल्यावर.

आई शनिवारी माझ्याकडे येते आहे. हे रिक्षा घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबतील, तिथवर तिला कोणाचा तरी हात द्या, एकटीला पाठवू नका. किती दिवस राहील ते तिने सांगितले नाही आणि मी विचारलेले नाही. मोठी पेटी घेऊन येते आहे. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिने फ्रिजवर काढून ठेवल्या आहेत. सकाळची गोळी न्याहारीनंतरच घ्यायची, रिकाम्या पोटी नाही. स्वयंपाकाला समोरच्या वैष्णवीकाकूंना सांगितले आहे.

यंत्र दुरुस्त करून घ्या. घरात एकटे असताना निदान दार वाजलेले कळले पाहिजे.

माझा लोभ तुमच्यावर आहे, तो काही गेलेला नाही. पण मी येणार नाही.
मृदुला