मला कळेल असं सांग

चिरंजीव बाळा,

तुला आणि सूनबाईला पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघी मजेत आहोत. शब्द माझे, अक्षर तुझ्या लेकीचं. ती मध्येच नाक मुरडते, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तिच्या प्रवेशाच्या मुलाखतीच्या तयारीत घरी परीक्षक मीच व्हायचे, ठाऊक आहे ना? उत्तर डोक्यावरून गेलं की ओरडायचे, "मला कळेल असं सांग!"

काल विद्यापीठात ती आत आणि मी दाराबाहेर बाकावर. दार उघडंच होतं. आतून विचारलं, रोप उजेडाकडे का वाकतं? पोरगी पुस्तकातलं घडाघडा बोलली आणि मध्येच अडकली. सवयीने मी ओरडले, "अगं, मला कळेल असं सांग!"

पटकन तोंडावर हात ठेवला मी. पण परीक्षक बाई हसून म्हणाल्या, "सांगा की आजींना." मग जी सुटली, ती थांबेचना!

आज निकाल लागला. प्रवेश मिळाला रे!

वसतिगृहाची खोली हवेशीर आहे. सूनबाई वेळेवर जेवते ना? तिला म्हणावं, पोर अजिबात रडली नाही. हे लिहिताना हसते आहे लबाड.

रविवारी मी एकटीच निघते. स्टेशनवर हसत ये. रडायचं काम मी गाडीत उरकून घेईन.

तुझे कान अजूनही पिळू शकणारी,
आई