तेलाच्या खड्ड्याजवळची परात

मी, सावळीराम गोविंद गांगुर्डे, वय एकाहत्तर, राहणार सातपूर, नाशिक, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. साखर वाढली आहे, डोकं शाबूत आहे.

राहतं घर व बँकेतली ठेव पत्नी विमलाबाई हिची. तिच्या हयातीत घर विकायचं कोणी नाव काढू नये.

मेहुणे खंडेराव यांनी नेलेली ड्रिल मशीन त्यांनाच लखलाभ. मागून मागून माझं तोंड दुखलं.

बैठकीतलं कॅलेंडर, ज्यावर मी पाखरांना पाणी ठेवताना हसतोय, ते उतरवून टाकावं. कॉलनीत माझ्या नावाने पक्ष्यांसाठी पाणपोई बांधायचं चाललंय, तीही बांधू नये. कारण इथे लिहितो. तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही.

आखातात तेलविहिरीवर मी पंप सांभाळायचो. तेलासोबत निघणारं घाण पाणी उघड्या खड्ड्यात सोडत. वर तेलाचा थर, लांबून तळं वाटायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर पाणी ठेवतात, तशी मी खड्ड्याच्या काठाला परात भरून ठेवली, कारण सावली तेवढ्याच जागी होती. पाखरं आली. परातीत दाटी झाली की शेजारच्या खड्ड्यात उतरायची. पंख तेलाने चिकटले की परत वर येत नसत.

कळवणचा गोरक्ष माझ्या खोलीत राहायचा. तो म्हणाला, "सावळीराम, तू पानी ठेवतो म्हनून येत्यात ती. परात हलव, आन सायबाला खड्ड्यावर जाळी टाकायला सांग."

पण साहेबाने परात भरतानाचा माझा फोटो कंपनीच्या कॅलेंडरवर छापला होता, व्हिसा वाढायचा होता. परात हलवली असती तर का हलवली हे सांगावं लागलं असतं. मी ती तिथेच ठेवली आणि रोज भरत राहिलो. याची मला फार लाज वाटते.

हत्यारांची पेटी मुलगा संघर्ष याला. त्यालाही तिकडचाच व्हिसा आलाय. अट एकच: खड्डा उघडा दिसला तर पहिल्याच दिवशी जाळी मागायची. नोकरी गेली तर घरी यायचं. त्याला कोणी टोमणे मारू नयेत. विमल, हे तुलाही सांगतोय.

ती परात मी येताना सोबत आणली, गच्चीवर आहे. ती नात संजना हिला. थंडीत धोबी पक्षी येतो, तसलाच तिकडेही परातीवर यायचा. तो पाणी पिऊन उडेपर्यंत मी जिन्यातच थांबतो, समोर जाववत नाही. संजना बाळा, तू त्याच्याजवळ बस.

वरील मजकूर माझा, सही माझ्या हातची.
सावळीराम गोविंद गांगुर्डे
सातपूर, नाशिक. ९ नोव्हेंबर २०२५

आमच्यादेखत सही झाली:
१) तृप्ती सुनील दोंदे, शेजारी
२) गोरक्ष बागूल, कळवण