तंबूत तीन जागा

गोरेगाव,
४ जानेवारी २०२६

ती. मामांस,
भूमिकाचा सा. न. वि. वि.

तुमचं आमगाव काही परदेशात नाही, तरी पत्रच लिहायचं हा नियम माझा. मोहिमेचे कागद फाइलीत लागले पाहिजेत. शिवाय फोनवर मला धाप लागली की तुम्ही लगेच आराम कर म्हणता. पत्रात धाप ऐकू येत नाही.

दिवस पुन्हा लिहून ठेवते: २० मार्च २०३४, कारगिल, खग्रास सूर्यग्रहण. तेव्हा मी चोवीस वर्षांची असेन आणि तुमच्या डोक्यावर एकही केस नसेल. मार्चमध्ये तिकडे बर्फ असतो, म्हणून लेहपर्यंत विमान आणि पुढे गाडी. गाडीचं तुम्ही बघा. तंबूचं माझ्याकडे. बाबांची धान झाकायची ताडपत्री मी मापली, तिघांना पुरते. तुम्ही, मी आणि आई. आईला मधे झोपवायचं. तिला ग्रहणाची भीती वाटते, दोन्ही बाजूंनी आपण असलो की पळून जाणार नाही.

तालीम होळीच्या पुनवेला, ३ मार्चला. त्या संध्याकाळी चंद्र ग्रहण लागलेलाच उगवणार आहे. घरामागच्या रिकाम्या बांधीत, धानाच्या धसकटांवर ताडपत्री ठोकू. आजी ऐकून म्हणाली की पोरीले येड लागलं हाय आणि ते मामानं लावलं हाय. मी म्हटलं की खरं आहे.

लोभ आहेच, तो २०३४ पर्यंत पुरवावा.

तुमची भाची,
भूमिका


गोरेगाव,
१३ जानेवारी २०२६

चि. भुपेंद्रास,
दुर्गेश्वरीचे अनेक आशीर्वाद.

भूमिका झोपली होती तेव्हा तिची फाइल मी वाचली. चोरूनच वाचली. तुझा फार राग आला, तो लिहून कळवते. फोनवर भांडली असती, पण या घरातलं फोनवरचं बोलणं सासूबाईंना अंगणातून ऐकू येतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी यांना बाहेर बोलावून काय सांगितलं ते तुला माहीत आहे. हृदयाचं छिद्र बुजवायची वेळ केव्हाच गेली, आता हाती काही महिने आहेत. पोरीला आम्ही सांगितलेलं नाही. तरी तू तिला आठ वर्षांनंतरचा तंबू काऊन दाखवून राहिलास?

आणि तोही ग्रहणाचा! २००९ च्या जुलैत ती पोटात होती, चौथा महिना. तू घरी येऊन सासूबाईंना सांगून गेलास की ग्रहणानं काही होत नाही. मी मात्र त्यांचंच ऐकलं. पहाटे चटईवर सरळ पडली, हात अंगालगत. मांडीला खाज सुटली, खाजवली नाही. घसा सुकला, पाणी मागितलं नाही. दोन तास, भुपेंद्र. पुढे पोरीचे ओठ निळे दिसायला लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या की तू हललीच असशील, भावानं शिकवून ठेवलं होतं ना.

मी हलली नव्हती. पण रोज कोणी विचारलं तर माणसाला आपलंच खरं वाटेनासं होतं. करंगळी हलली असेल का, डोळा लागून कूस बदलली असेल का, हे आठवण्यात सोळा वर्षं गेली. त्यातली पहिली सात वर्षं मी दर ग्रहणाला उपास केला, तीळ-तांदूळ दान केले, आणि पोरीला नागपूरला नेलं नाही. पोरीचं दुखणं माझ्या हलण्यानं आलं, तर त्यात डॉक्टर काय करणार, असं वाटायचं.

तेव्हा ही मोहीम बंद कर. रागावली तरी मी बहीणच आहे, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
दुर्गेश्वरी


आमगाव,
१९ जानेवारी २०२६

ती. ताईस,
भुपेंद्रचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र स्टाफरूममध्ये उघडलं आणि तास सोडून मैदानात जाऊन संपवलं. तू हलली नव्हतीस, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आणि उठून नाचली असतीस तरी भूमिकाचं काळीज तसंच झालं असतं. मी विज्ञानाचा मास्तर, वर्गात हे छातीठोकपणे सांगतो. तुझ्या दारात मात्र एकदाच सांगितलं. तुझ्या सासूबाईंनी, अनुसयाबाईंनी, माझ्या नावानं बोटं मोडली म्हणून पुढे तोंड लपवून बसलो. पोरीला उचलून नागपूरला न्यायला हवं होतं, ते मी केलं नाही. तू निदान उपास तरी केलेस. मी काहीच केलं नाही.

आता मोहिमेचं. ताई, भूमिकाला सगळं ठाऊक आहे. आपल्या आजाराचं नाव तिनं दवाखान्याच्या फाइलवर वाचलं आणि मोबाइलवर शोधलं. डिसेंबरात मला म्हणाली की मामा, डॉक्टर जवळची तारीख धरून राहिले, तर आपण लांबची धरू. तुला सांगू नका म्हणाली, कारण तू रडशील. तुम्ही मायलेकी एकाच घरात एकमेकींपासून एकच गोष्ट लपवून राहिल्या आहात.

मोहीम बंद करायला लावू नकोस. निदान होळीपर्यंत तरी. दोरी आणि आठ खुंट मी घेऊन ठेवले आहेत.

चुकलेला का होईना, धाकटा भाऊ आहे, पदरात घे.

तुझा,
भुपेंद्र


गोरेगाव,
५ मार्च २०२६

चि. भुपेंद्रास,
अनेक आशीर्वाद.

भूमिकाची तेरवी करून तू गेलास त्याला आज आठवडा झाला. तेव्हा बोलता आलं नाही, ते आता लिहिते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तिला सांगितलं की मला माहीत आहे. ती म्हणाली की मलाही. दोघी रडलो, आणि मग कारगिलला किती स्वेटर लागतील यावर भांडत बसलो. शेवटचे तीन आठवडे घरात काही लपवायचं नव्हतं. ते तुझ्यामुळे.

परवा होळीची पुनव झाली. मला चंद्राकडे पाहायचं नव्हतं. पण रिंकूला, माझ्या धाकट्या जावेला, पाचवा महिना आहे. दिवस कलला तशी सासूबाईंनी तिला चटईवर सरळ निजवलं आणि राखणीला मला बसवलं. खोली तीच, सोळा वर्षांपूर्वीची.

रिंकूच्या गालावर डास बसला. ती नुसती डोळे वळवून त्याला पाहत होती. डास रक्त पिऊन फुगला. तिच्या डोळ्यातलं पाणी कानाकडे ओघळलं, तेही तिनं पुसलं नाही.

मी तिचा हात धरला आणि तिच्याच हातानं तो डास मारला. मग म्हटलं की खाजव. तिनं हात परत अंगालगत ओढून घेतला. मी सांगितलं की काही झालं तर दुर्गेश्वरीनं हात हलवला म्हणून साऱ्या गावाले सांगजो, मले सवय हाय. आणि बाळ कसंही दिसो, पहिल्याच महिन्यात त्याला मोठ्या डॉक्टरकडे मी स्वतः नेईन. तिला उठवून पाणी पाजलं आणि मागच्या बांधीत नेलं. सासूबाई दारातून ओरडत राहिल्या, पण ग्रहणात त्यांना उंबऱ्याबाहेर येता येईना.

चंद्र धुरकट होता, एका बाजूनं कुरतडल्यासारखा. थोड्या वेळात ग्रहण सुटून पूर्ण गोल झाला. रिंकू गाल खाजवत उभी होती, आणि मला एकदम पक्कं आठवलं, भुपेंद्र. मी हलली नव्हती. करंगळीसुद्धा नाही. आणि हलली असती तरी चाललं असतं. सोळा वर्षं ज्या दोषाच्या आधारानं मी उभी होती, तोही गेला. मग फक्त पोरगी गेली एवढंच उरलं. बांधीत बसून मी मोठ्यानं रडली. रिंकूनं माझ्या पाठीवर हात फिरवला.

फाइल आणि ताडपत्री माझ्याकडे आहे. २०३४ ला मी येणार. तंबूत तीन जागा तशाच ठेव, पण मला मधे नको. मला कडेला दे. मधे भूमिकाची जागा राहू दे.

लोभ असू दे, आठ वर्षं तरी नक्की.

तुझी ताई,
दुर्गेश्वरी