कोरडी लादी

२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी लादी गुणाची आणि माझे ठोकळे नाठाळ, हे कसं, तेवढं सांग. एकाच घमेल्यातलं सिमेंट, तीच कार्बनची काळी पूड. घरात कशी चालते ते मोजायला मी तुझ्या खोलीत ठेवलेल्या लादीतून वीज सुरळीत जाते असं तू दर आठवड्याला कळवतोस. इथे भट्टीत वाळवलेल्या ठोकळ्यांना तारा लावल्या की मीटरचा काटा ढिम्म. वाळलेलं सिमेंट वीज अडवतं, म्हणून तर पूड घालायची. तिचे कण एकमेकांना टेकले की विजेला वाट मिळते. पायाखाली ऊब देणारी आमची फरशी त्याच वाटेवर अवलंबून आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी तुझे आकडे वाचून ऐकवलं, की दोष मिश्रणात नाही, माझ्या हातात आहे. महिनाअखेरीपर्यंत ठोकळे लादीशी जुळले नाहीत तर हे काम दुसऱ्या कुणाकडे तरी जाईल. तीन वर्षं घासली आहेत मी त्यावर.

वहिनीला नमस्कार. राग तुझ्यावर नाही. असलाच तर थोडा आहे. लोभ मात्र पूर्ण ठेव.

तुझी,
धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि सोबत थंड पाण्याचा एक पेला.

माझ्या लादीला बोल लावू नकोस. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाच्या हाताखाली आहे ती, नियमाने वागते. मी मोजमाप यथाविधी करतो. आधी टेबल आवरतो, चष्मा पुसतो, लादी ओल्या फडक्याने लख्ख करतो, मगच तारा लावतो. धुळीवर का कुठे शास्त्र उभं राहतं? तुझी वहिनी म्हणते, अख्ख्या घरात हे एवढी एकच वस्तू स्वतः पुसतात, तेव्हा धाकटीने अशा आणखी दहा-बारा पाठवाव्यात.

तुझ्या बाई थोड्या कडक दिसतात. मीही वर्गात तसाच होतो; पोरं टिकली.

लोभ आहेच, पत्रांचं खतपाणी घालत जा.

तुझा,
दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार, पण दातओठ खात केलेला.

ओलं फडकं. दादा, ओलं फडकं! सिमेंटच्या अंगभर बारीक छिद्रं असतात. ती पाणी पितात आणि त्या खारट पाण्यातून वीज धावते. पुडीचा त्यात काडीचा संबंध नाही. मी एक ठोकळा फोडून पाहिला. पिठात घाईने पाणी ओतल्यावर व्हाव्यात तशा काळ्या गुठळ्या, आणि मधे नुसतं कोरं सिमेंट. वाट कुठली व्हायला!

बाईंना मीच जाऊन सांगितलं. त्यांनी तुझे आकडे पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस आपण एका फडक्याची पाठ थोपटत होतो." मला हसूही येईना. शेवटचं एक घमेलं आणि एप्रिलअखेरची मुदत दिली आहे त्यांनी. आता पूड आधी पाण्यात घोळवेन, गुठळ्या मोडणारं रसायन घालून, सिमेंट नंतर. रसायन जास्त झालं तर सिमेंट धरतच नाही, म्हणून तिथेही जीव मुठीत. फरशी घरात राहायची, म्हणून कोरडी लादी घरातच मोजून हवी, ही बाईंची अट. तेव्हा नवी लादी भट्टीत वाळवून तुझ्याकडे पाठवेन. तिला पुसू नकोस. फुंकरही मारू नकोस.

एवढं ऐकलंस तर लोभ आहे असं समजेन.

तुझी,
धाकटी

१८ एप्रिल

चि. धाकटीस,
संपूर्ण कोरडे आशीर्वाद.

लादी आली त्या दिवसापासून माझ्या खोलीत फडक्याला बंदी आहे. तुझ्या वहिनीने ती आनंदाने मान्य केली, आणि टेबल, कपाट, खुर्ची, सगळ्यांनाच लागू केली. धुळीत बसून मला ना वाचन सुचतं, ना जेवण गोड लागतं. आज सकाळी तशाच मळक्या लादीला तारा लावल्या. काटा हलला. योगायोग असेल म्हणून दुपारी पाहिलं, संध्याकाळी पाहिलं, तिथेच. मग जुनी लादी, तीही न पुसता, जोडून पाहिली. प्रश्न विचारल्यावर मागच्या बाकावरचा विद्यार्थी बसतो, तशी गप्प बसली. आकडे सोबत आहेत. बाईंच्या टेबलावर ठेव आणि काही बोलू नकोस.

तारा काढायला गेलो तर नव्या लादीवरच्या धुळीत तुझ्या वहिनीने बोटाने लिहून ठेवलं होतं, 'आता पुसू का?'

बाईंना विचारून उलट टपाली कळव. तोवर लोभ असावा, आणि धूळही.

तुझा,
दादा