नानांचा मसुदा

॥ श्री ॥
लश्कर, ग्वाल्हेर
ता. ७ जानेवारी १९४३

ती. सौ. आत्याच्या चरणी कुमुदिनीचे शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आतोबांचा खोकला थांबला हे वाचून आईला हायसं वाटलं. इकडची खबर चांगली नाही. बळवंतदादाला मुरारच्या कोठडीत आज अडतीस दिवस झाले. हजीऱ्याला गिरणीच्या भिंतीवर पत्रकं चिकटवताना धरला तेव्हा अंगात नुसता सदरा होता. आईने पाठवलेला स्वेटर शिपायांनी आठ दिवस अडवून ठेवला, आणि आता रोज संध्याकाळी त्याला ताप चढतो. माफीनाम्यावर सही केली तर त्याच दिवशी सोडतील. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. नंतर खटला, आणि दोन वर्षं तरी जातील असं वकील म्हणतात. दादा सही करत नाही.

आत्या, तो माफीनामा नानांनी लिहिलेला आहे. दादासाठी म्हणून नव्हे. ऑगस्टात कॉलेजची मुलं पकडली जाऊ लागली तेव्हा त्यांच्या भाषांतर खात्याच्या साहेबांनी नानांकडून एक मसुदा करून घेतला आणि तोच छापला. 'मैं अपनी नादानी और बुरी सोहबत की वजह से बहक गया था' अशी त्याची सुरुवात, म्हणजे पोरबुद्धीने आणि वाईट संगतीने बहकलो. खात्यात त्याची फार तारीफ झाली होती.

आता दुसरी गोष्ट. युद्धफंडासाठी इथल्या टॉकीजमध्ये एक इंग्रजी सिनेमा लागणार आहे. युरोपातल्या कुठल्याशा देशात हुकूमशहा माजतो आणि कॉलेजातली पोरं भिंतींवर लिहून, कागद वाटून त्याच्याशी झुंजतात, अशी गोष्ट. हुकूमशहा शत्रूपक्षाचा, म्हणून सरकारला सिनेमा पसंत. लोकांना इंग्रजी कळत नाही म्हणून पडद्याशेजारी बसून लाउडस्पीकरवर हिंदीत सांगायचं काम माझ्याकडे आलंय. भाषांतर नानांचं. त्यात एका जागी त्या मुलापुढे कागद ठेवतात आणि सही कर, घरी जा म्हणतात. तो नाही म्हणतो. साहेबांनी हे पान लाल पेन्सिलीने उभं कापलं. फिल्म सरकारी, तिला कात्री लावता येत नाही, म्हणून तिथे मी फक्त गप्प बसायचं. नानांनी निमूट मान हलवली. मला वाटतं मी ते बोलावं. नाना भित्रे आहेत, मी का असावं? तुझं मत कळव.

सर्वांना नमस्कार. तुझी माया आहे तोवर मला कसली फिकीर नाही.

तुझी
कुमू

॥ श्री ॥
इंदूर
ता. १३ जानेवारी १९४३

चि. कुमूस इंदुआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा काळजीने, दुसऱ्यांदा रागाने, आणि तिसऱ्यांदा तुझी हिंदीमिश्रित मराठी मोजायला. फिकीर काय, तारीफ काय, खबर काय. एखाद्या दिवशी मला आत्याऐवजी फूफी म्हणशील.

आता नीट ऐक. तू त्या जागी एक अक्षर बोलायचं नाही. तुझं शौर्य मला कळतं, पण त्याची किंमत तापात पडलेला बळवंत मोजेल. साहेबांची मर्जी गेली तर त्याला औषधसुद्धा मिळायचं नाही. तुझ्या आईचं एक मूल आत आहे, दुसरं मी जाऊ देणार नाही. मला तसं वचन लिहून पाठव.

आणि बापाला भित्रा म्हणायच्या आधी हे वाच. सदा नऊ वर्षांचा होता. वर्गात मास्तरांची दौत कोणीतरी फोडली आणि नाव सदाचं आलं. त्याने फोडली नव्हती, मी खिडकीतून पाहत होते. आमचे वडील त्याच शाळेत कारकून. त्यांनी सदाला बाजूला नेऊन सांगितलं की माफी मागून टाक, उगाच वाढवू नकोस. सदाने सगळ्या वर्गापुढे अंगठे धरून माफी मागितली. घरी येताना तो रडला नाही. मला एवढंच म्हणाला की ताई, मी खोटं बोललो. त्या दिवसानंतर त्याचा आवाज चढलेला मी ऐकलेला नाही. त्याला भित्रा म्हणू नकोस गं. मला ते सोसत नाही.

सोबत तिळगूळ आहे. बळवंतापर्यंत पोचला तर बघ. म्हातारीचं ऐकतेस म्हणून जीव लावते, हे विसरू नको.

तुझी
इंदुआत्या

॥ श्री ॥
लश्कर
ता. २० जानेवारी १९४३

ती. सौ. आत्यास कुमूचे सा. न. वि. वि.

वचन दिलं. मी बोलणार नाही. लिहिताना हात जड झाला, पण दिलं.

काल आम्ही तिघं मुरारला गेलो होतो. दादाचे गाल बसलेत. तुझा तिळगूळ शिपायाने फोडून पाहिला आणि निम्मा परत दिला. दादाने त्यातलाही अर्धा शेजारच्या कोठडीत पाठवला. नानांनी माफीनाम्याचा छापील कागद आणि स्वतःचं पेन गजांतून आत दिलं. सांगू लागले की ही केवळ एक रीत आहे, असल्या कागदाला कोणी मनाला लावून घेत नाही. दादाने तो कागद शेवटपर्यंत वाचला. मग फार हळू विचारलं की नाना, हे तुम्ही लिहिलंत, तुम्हाला स्वतःला यातलं काय खरं वाटतं. नानांनी चष्मा काढून पुसला आणि ते पुसतच राहिले. आई म्हणाली की उशीर झाला, निघू या. पेन परत आलं, कागद दादाकडेच राहिला.

काल माझ्याकडून एक चूक झाली. तुझं पत्र भाषांतराच्या कागदांत राहिलं आणि तो गठ्ठा तपासायला मी नानांच्याच हाती दिला. आज गठ्ठा परत मिळाला. पत्र त्यात होतं, पण मी ठेवलं त्या पानात नव्हतं. ते त्यांनी वाचलं असेल का, हे विचारायची हिंमत मला होत नाही.

खेळ रविवारी दुपारी तीनला आहे. मला फार भीती वाटते आहे. तुझा हात पाठीवर आहे असं समजून बसेन.

कुमू

॥ श्री ॥
लश्कर
ता. २५ जानेवारी १९४३

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

मी वचन पाळलं. आधी एवढं वाच, मग पुढचं.

टॉकीज भरून गेली होती. पुढच्या ओळीत साहेब आणि अधिकारी, मागे सगळं कॉलेज, वर बायकांत आई. मी पडद्याच्या डाव्या हाताला बसले होते आणि नाना माझ्या शेजारी पानं उलटायला. पहिला तासभर सगळं सुरळीत चाललं. त्या परदेशी पोरांनी भिंतीवर पहिला कागद चिकटवला तेव्हा मागून टाळ्या पडल्या, आणि त्या थांबेचनात. साहेबांनी वळून पाहिलं.

मग ती कापलेली जागा आली. पडद्यावर अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवला. मी मान खाली घालून पदर मुठीत धरला. त्या मुलाचे ओठ हलत होते आणि कोणालाच काही कळत नव्हतं. मागून एकजण ओरडला की बहनजी, बताओ तो सही, लड़का क्या कह रहा है. मग दुसरा, मग पन्नास. मला रडू फुटलं. तेवढ्यात नानांनी माइक माझ्यापुढून आपल्याकडे ओढला.

आत्या, त्यांच्यापुढे कागद नव्हता. खात्यात मजकूर सांगतात त्याच सपाट आवाजात ते बोलले: जिस हाथ से दीवार पर लिखा, उसी हाथ से यह नहीं लिखूँगा कि झूठ लिखा था. पडद्यावर त्या मुलाची आई दारात उभी असते आणि एवढंच म्हणते की आत गारठा असेल, शाल घेऊन जा. ते सांगताना नाना मध्येच अडखळले, पण वाक्य त्यांनी पुरं केलं. वरून आईचा हुंदका मला ओळखू आला.

पुढचं पान त्यांनी माझ्यापुढे ठेवलं आणि बोट लावून कुठून सुरू करायचं ते दाखवलं. मी शेवटपर्यंत सांगितलं. साहेब मध्येच उठून गेले होते. आज सकाळी शिपाई येऊन नानांना बोलावून घेऊन गेला, आणि आता चार वाजलेत, ते अजून आलेले नाहीत. आईने चूल पेटवलेली नाही. तू आमच्यासाठी देवापुढे बस.

कुमू

॥ श्री ॥
लश्कर
ता. २ फेब्रुवारी १९४३

ती. सौ. इंदुताईस सदाशिवचा शि. सा. न. वि. वि.

कुमूच्या पत्राने तुझ्या तोंडचं पाणी पळालं असेल. मी घरी आहे आणि जेवतोखातो. तुला चार ओळींपलीकडे कधी लिहिलं नाही, आज जरा जास्त लिहितो.

तुझं दौतीचं पत्र मी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे कळत होतं, तरी वाचलं. मला वाटत होतं की ते तू केव्हाच विसरली असशील. मी मात्र एकही दिवस विसरलो नव्हतो. आपल्या वडिलांनी मला जे करायला लावलं तेच मी मुरारला गजांतून बळवंताच्या हाती दिलं होतं. खेळाला जाताना बोलायचं असं ठरवलेलं नव्हतं. मुलं विचारत होती आणि उत्तर फक्त मला ठाऊक होतं.

साहेब रागावले नाहीत. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला खुर्ची दिली. म्हणाले की मुलाच्या काळजीने तुमचं चित्त ठिकाणावर नव्हतं, एक सही करा, प्रकरण इथेच मिटवू. मग कपाटातून छापील कागद निघाला. तोच, माझाच. ताई, तो मसुदा मी वीस-बावीस मुलांना वाचून दाखवला असेल. स्वतःसाठी कधी वाचला नव्हता. संध्याकाळ होईपर्यंत मी तो वाचत बसलो.

सही केली नाही. कामावर येऊ नये असा तोंडी हुकूम झाला आहे, लेखी येईल तेव्हा येईल. परवा, मुदतीच्या दिवशी, मुरारला गेलो. बळवंताच्या कागदावर सहीची जागा कोरीच होती. त्याचा ताप उतरलेला नाही, आणि खटला भरणार हे नक्की झालं आहे. मला वाईट वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. माझा जीव तुटतो. पण मी त्याला साहेबांच्या खोलीतली हकीकत सांगितली, तेव्हा तो इतका हसला की शिपाई धावत आला. हसता हसता त्याने गजांतून माझा हात धरला आणि वेळ संपेपर्यंत सोडला नाही.

तो कशाला हसला ते सांगतो. सही न करता कागद तसाच सोडून उठणं माझ्याने झालं नाही. एवढ्या वर्षांची सवय. चूक दिसली की शेरा मारल्याशिवाय कागद पुढे जात नाही. म्हणून समासात, माझ्या नेहमीच्या अक्षरात, तारीख घालून लिहिलं:

'मजमून दुरुस्त नहीं। दस्तख़त करनेवाले की उम्र तिरपन साल है। नादानी लागू नहीं होती।'

तुझा आशीर्वाद आजवर मागितला नव्हता, तो आता मागतो.

तुझा धाकटा भाऊ
सदा