मड्डमची बातमी

कर्जत,
ता. २ ऑगस्ट १९४६

तीर्थस्वरूप मोतीवन्सं यांना आनंदीचा नमस्कार.

तुम्ही कशेळ्याला नीट पोहोचल्याचं हिरामणकडून कळलं. खालच्या खाचराची लावणी उरकली. गाय आता चारा खाते.

वन्सं, ह्यांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही. तुम्ही हात जोडून म्हणत होतात, "सहदेवा, गाय सांभाळू रं, आनंदीला सांभाळू." शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला. घरी येईतो तुम्ही विचारत होतात, "काय राहिलं असंल गं त्याचं?" मी ठाऊक नाही म्हटलं. ठाऊक होतं.

लॉरिमर मड्डमला, त्या रेल्वेच्या साहेबाच्या बायकोला, तुम्ही एकदाच पाहिलंत, रेल्वेच्या टेनिस कोर्टावर. ते कोर्ट शेणाने सारवायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, हे तुमच्या भावाचं काम. लढाईची चार वर्षं ती इथे होती आणि रोज सकाळी ह्यांनाच समोर उभं करून खेळायची. एकोणिसाव्या वर्षी ती इंग्लंडात टेनिसमध्ये पहिली आली होती. तिच्या गावच्या बायका तेव्हा चेंडू खालून मारायच्या, ही गड्यासारखी डोक्यावरून मारायची. पेपरवाल्यांनी नावं ठेवली, आणि पुढे त्या बायकाही तसंच मारू लागल्या.

तिची कात्रणं ह्यांना मीच वाचून दाखवायचे. इंग्रजी तिसरीपर्यंत शिकले ते याच कामी आलं. इंदूबाई पाणवठ्यावर म्हणायची, "आनंदे, नवरा सारवतो कुणासाठी गं? तुझ्या चुलीला कधी हात लावला का त्यानं?" मी हसायचे. कोर्टाचं शेण मी कालवून द्यायचे, वन्सं.

वावगं काही नव्हतं, हे मला माहीत आहे. पण हे जेवताजेवता तिचा हात कसा फिरतो ते मला दाखवायचे. माझ्या हाताकडे तसं कधी पाहिलं नाही.

गेल्या साली ती परत गेली. यंदा छत्तिसाव्या वर्षी पुन्हा खेळायला उतरली. ह्यांना ताप चढलेला असताना कचेरीतून पेपर आला. उशीवरून मान उचलून विचारलं, "जिकली का गं मड्डम?"

कप घेतलेला तिचा फोटो होता. मी त्यावर हात ठेवला.

"हरली."

"लय झुंजली असंल."

"नाही. सरळ हरली."

"दमली बिचारी," म्हणाले आणि भिंतीकडे वळले. मला बरं वाटलं. दोन दिवस बरं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

नदीवर एवढंच म्हणायचं होतं, की ती जिंकली. तुम्ही समोर होतात म्हणून तोंड उघडलं नाही. आणि खरं सांगते, ते ऐकून कावळा लगेच उतरला असता, तर मला सोसलं नसतं.

पुढच्या शनिवारी महिना घालायचा आहे. पान वाढलं की मी चारचौघांत मोठ्याने सांगणार आहे, मग कावळा येवो न येवो. तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिलं. यायचं की नाही, ते तुमच्यावर.

तुमच्या भावाची बायको,
आनंदी