गुळातली गोळी

माय, आज प्रयोगशाळेत चहाबरोबर कुणीतरी गावाकडचा गूळ आणला होता. सगळ्यांनी खाल्ला. माझा हात पुढे गेला आणि थांबला, आणि मग दिवसभर तुझी आठवण येत राहिली.

टेंभुर्णीचं आपलं घर, कापूस वेचणीचे दिवस. धाकट्याला थंडी वाजून ताप भरलेला. मलेरियावाल्याने दिलेली गोळी कडूजहर, तो थुंकून टाकायचा. मग तू चुलीपाशी त्याला मांडीवर घेतलंस आणि गुळाच्या खड्यात गोळी दाबून भरवलीस. मला अजून दिसतं, तो चोखतोय आणि तू त्याचं तोंड उघडून गोळी गेली का बघतेयस. ताप उतरला, पोरगं अंगणात खेळायला लागलं. थोड्याच दिवसांत ताप परत आला, तो त्याला घेऊनच गेला. तुझ्या थोरल्या जावेला तर मातीला आलेल्यांसमोरही वैद्यकी सुचली. म्हणाली, गूळ उष्ण, त्यानं औषध मारलं. ते तू खरं धरलंस. मला एकदाच म्हणालीस, "गोळीनं वाचला असता गं. म्याच गूळ घातला." त्यानंतर आपल्या घरात पुरण साखरेचं, संक्रांतीचे लाडूही साखरेचे.

मी आता त्याच मलेरियाच्या जंतूवर काम करते. माय, त्याच्या जनुकात एक बारीकसा बदल होतो. मग औषध त्याच्या पोटात गेलं तरी तो ते बाहेर ढकलतो, तू ओसरीवरून कोंबड्या हाकलायचीस तसं. अशा जंतूपुढे ती गोळी निकामी, गुळातून द्या नाहीतर पाण्यातून. ताप काही दिवस दबतो आणि पुन्हा उसळतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी खूप रडले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली होती, आणि सांगावं असं माणूस तूच एकटी होतीस. अजूनही तूच हवी आहेस.

धाकट्याच्या रक्तात तसाच जंतू होता का, हे मला कधीच कळणार नाही. मलेरियावाल्याने तपासायला नेलेली त्याच्या रक्ताची काच कुठे गेली कुणास ठाऊक. पण गुळानं गोळी मरत नाही, हे मी कुणासमोरही सांगेन. तू बराबर केलंस, माय.

हे पत्र टाकायला पेटी नाही. येताना गुळाचा एक खडा आणलाय, ओट्यावर ठेवलाय. तुला सगळं सांगून झालं की तोंडात टाकायचा, असं ठरवलं होतं. सांगून झालं, पण अजून उचलवत नाही.